क्षयरोगाच्या गोळ्या मध्येच सुटू नयेत यासाठी घरच्यांनी काय करावे

औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगाचा उपचार साधारणपणे सहा महिन्यांचा असतो. खोकला आणि ताप मात्र बहुधा काही आठवड्यांतच ओसरतो आणि ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळ्या सुटतात. त्यामुळे माझ्या मते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात रुग्णाकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे.

गोळी का चुकली, हे रागावून नव्हे, शेजारी बसून विचारावे. बुटीबोरीच्या कारखान्यात पाळीने जाणाऱ्याची दवाखान्याच्या रांगेत दिवसाची मजुरी बुडत असेल, तर त्याने आरोग्य कर्मचाऱ्याशी बोलून औषध घेण्याची सोयीची वेळ ठरवून घ्यावी. नवी सून आजार कळेल या भीतीने गोळ्यांचे पाकीट हळदीच्या डब्यामागे लपवते आणि सासू स्वयंपाकघरात असेतो ते काढतच नाही. अशा घरात नवऱ्याने स्वतः पाण्याचा पेला आणून तिच्यासमोर बसावे. तिची लाज मोडायला उपदेशापेक्षा ही सोबत अधिक उपयोगी पडते.

या गोळ्यांतील रिफाम्पिसिन या औषधामुळे लघवी नारिंगी होते, त्याने घाबरू नये. परंतु डोळे पिवळे पडले किंवा उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. दारूची सवय असल्यास तीही त्यांच्यापासून लपवू नये, कारण यकृतावर दुहेरी ताण येतो.

क्षयरुग्णाला पोषक आहारासाठी सरकारकडून मिळणारी निक्षय पोषण योजनेची रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये झाली आहे. ती थेट बँक खात्यात जमा होत असल्याने नोंदणीच्या वेळीच खात्याचा तपशील द्यावा. भंडारा-गोंदियाकडे गावी जायचे असेल, तर निघण्यापूर्वी पुरेशा गोळ्या मागून घ्याव्यात.