ओकेनाइट कसा ओळखावा आणि न बिघडवता घरी कसा आणावा

कोकणात दगड गोळा करायचे म्हटलं की माणसं सरळ समुद्र गाठतात. ओकेनाइटसाठी तिकडे जाऊन उपयोग नाही. किनाऱ्यावर गारगोटी टिकते, अकीक टिकतो. ओकेनाइट म्हणजे कॅल्शियम, सिलिका आणि पाणी यांचे इतके बारीक पांढरे तंतू, की त्यांचा गोळा पिंजलेल्या कापसासारखा दिसतो. एका लाटेत त्याचा लगदा होईल. 1828 साली त्याचं पहिलं वर्णन झालं ते ग्रीनलंडमधल्या डिस्को बेटावरच्या दगडावरून, पण जगभरच्या संग्रहांतले देखणे गोळे बहुतांशी आपल्या काळवथरातले आहेत.

आधी दगड ओळखा. काळवथर, म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा दगड, हाच कामाचा. जांभ्याच्या चिरेखाणीत वेळ घालवू नका. तिथे मूळ खनिजं कधीच कुजून गेलेली असतात. वेंगुर्ल्याकडे तर काळवथरच संपतो. म्हणून शोध ठेवायचा तो रायगड-ठाण्याकडे. मालाड-कांदिवलीच्या खाणी एकेकाळी यासाठी नावाजलेल्या होत्या, आता तिथे बहुतेक इमारती आहेत. बोरघाटात रेल्वेचे बोगदे खणताना काळवथरातल्या पोकळ्यांतून सुंदर स्फटिक निघाले होते.

खाणीच्या उभ्या कड्यावर कधी विटकरी लाल पट्टा दिसतो. तो दोन लाव्हाथरांच्या मधला. पट्ट्याच्या लगेच खाली खालच्या थराचा माथा असतो आणि तिथेच वायूच्या बुडबुड्यांनी केलेल्या पोकळ्या जास्त सापडतात. घट्ट, एकसंध दगड क्रशरवाल्याच्या फायद्याचा, आपल्या नाही. मात्र त्या कड्याखाली उभं राहायचं नाही. पट्टा लांबूनच पाहायचा आणि दगड बघायचे ते खाली पडलेल्या ढिगात. नव्याने खोदलेल्या विहिरीच्या काठावरचा ढीगही चाळून पाहा. ढीग ताजा हवा. एक पावसाळा खाल्लेल्या ढिगात ओकेनाइट मिळाला तरी त्याची रया गेलेली असते.

खाणीत शिरण्याआधी मालकाची परवानगी घ्या आणि मुकादमाला सुरुंगाची वेळ विचारा. वायर दिसली तर हात लावू नका, ती मेलेली आहे असं कोणी सांगितलं तरी. गड, राखीव जंगल, अभयारण्य इथे हातोडा बाहेर काढायचाच नाही. जायचं दिवाळीनंतर; पावसाळ्यात दरडी कधी येतील याचा नेम नसतो. सोबत हातोडा, टाकी (म्हणजे छिन्नी), डोळ्यांवर चष्मा, तोंडाला मास्क, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि झाकणाचे टणक डबे.

आता ओळख. पोकळी उघडी पडली की आत आधी राखाडी-निळसर अस्तर किंवा बारीक गारगोटीचे दाणे दिसतात, कधी गायरोलाइट या खनिजाचे छोटे गोल ठिपके, आणि त्यावर बसलेले पांढरे गोळे. वाटाण्याएवढा गोळाही चांगला. बोटाने दाबून बघायचा मोह आवरा, कारण दाबलेले तंतू पुन्हा उभे राहत नाहीत. कडेच्या एका तंतूला सुईचं टोक हलकेच लावा. ओकेनाइटचा तंतू वाकतो. स्कोलेसाइट या दुसऱ्या खनिजाच्या सुया ताठ असतात, त्या कडकन मोडतात आणि बोटात घुसतात. स्टिल्बाइट आणि ह्युलँडाइट या खनिजांना मोत्यासारखी चकाकी आणि सपाट पापुद्रे असतात, त्यांची गल्लत व्हायचं कारण नाही. खरी फसवणूक करते ती बुरशी! ओलसर जागेत पडून राहिलेल्या दगडावर ती हुबेहूब असते. भिंगातून पाहा: बुरशीचे धागे एकमेकांत गुंततात, ओकेनाइटचे तंतू एका केंद्रातून चहूबाजूंना निघतात. लिंबू, आम्ल असले प्रयोग गोळ्यावर करू नका. आम्लात त्याचं बुळबुळीत पीठ होतं.

काढताना गोळा काढायचा नाही, पोकळी काढायची. भोवती चार बोटं दगड ठेवा आणि आधीच गेलेल्या भेगेत टाकी बसवा. एक मोठा घाव घालण्यापेक्षा हलके हलके ठोका. दगड फुटायला तयार नसेल तर फोटो काढून सोडून द्या. मी तर म्हणेन, एका ढिगातून एकच न्या. कामगारांनी आधीच बाजूला ठेवलेला नमुना अनेकदा आपल्यापेक्षा सरस असतो. तो पसंत पडला तर योग्य पैसे द्या, घासाघीस नको.

डब्यात दगडाचा तळ कागदाच्या बोळ्यांनी घट्ट आवळा, पण पोकळीत काही कोंबू नका. कापूसही नको, तंतू त्यालाच चिकटून येतील. घरी आल्यावर नळाखाली धरायचा नाही. पाण्याने तंतू एकमेकांना चिकटतात आणि वाळल्यावर नुसता चपटा पांढरा डाग उरतो. धूळ उडवायला कॅमेऱ्याचा रबरी ब्लोअर पुरतो. नंतर पारदर्शक झाकणाच्या डब्यात ठेवा आणि त्याच दिवशी चिठ्ठी लावा: गाव, तालुका, खाण की विहीर, सोबतची खनिजं, तारीख. चिठ्ठीशिवायच्या नमुन्याला संग्रहात फारशी किंमत नाही.

चांगला नमुना डोळ्यांखालून घालायचा असेल तर सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात एकदा जाऊन या. आणि बाजारात गुलाबी किंवा निळा ओकेनाइट दिसला तर तो रंगवलेला आहे असं समजा. गोळ्याच्या बुडाशी आणि आजूबाजूच्या दगडावर पाहिलंत तर रंग झिरपलेला सापडेल.