मन वाचणारा प्लेअर टेबलवर आला की काय करायचं

मी डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, टेबलवर बसून खेळायचा रोल-प्लेइंग गेम) चालवतो. आमच्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे बरेच दिवस चालणाऱ्या गोष्टीत, एकाने अ‍ॅबरंट माइंडवाला सॉर्सरर (मनाच्या शक्ती असलेला जादूगार) घेतला, तिसऱ्या लेव्हलला डिटेक्ट थॉट्स (मन वाचायचा स्पेल, म्हणजे मंत्र) मिळालं आणि झालं, माझे सगळे खुनी पहिल्या दहा मिनिटांत पकडले जायला लागले.

आता प्रत्येक व्हिलनला मन झाकणारी जादूची अंगठी घालत बसू नका. प्लेअरने ती पॉवर हौसेने घेतलीय, बंद पाडलीत तर तो मोबाईल काढून बसणार. आधी स्पेल नीट वाचा. आम्ही २०१४ च्या रूल्सने खेळतो, त्यात कॉन्सन्ट्रेशन लागतं (लक्ष मोडलं की स्पेल संपला), जास्तीत जास्त १ मिनिट, ३० फूट, आणि मध्ये शिशाचा पातळ पत्रा जरी आला तरी काही कळत नाही. फुकटात मिळतात ते फक्त वरवरचे विचार, खोलात शिरलं की विस्डम सेव्ह (समोरच्याने बचावासाठी फासा टाकायचा), आणि सेव्ह जमो नाहीतर फसो, समोरच्याला कळतंच की कोणीतरी डोक्यात घुसतंय (हे आम्ही दोन महिने विसरलो होतो!).

आणि विचार म्हणजे कबुलीजबाब नव्हे. आमच्या सावकाराला खुनाबद्दल विचारलं तर त्याच्या मनात आलं, "पोरीचं नाव निघायला नको". पार्टी (सगळ्या प्लेअर्सची टोळी) तलवारी काढून पोरीच्या मागे, आणि ती बिचारी त्या रात्री प्रियकराबरोबर पळून गेलेली, खुनाशी काही संबंधच नाही.

सहाव्या लेव्हलला हा सॉर्सरर मंत्र न पुटपुटता हेच करू शकतो, पण ६ पैकी २ सॉर्सरी पॉइंट (जादूसाठी खर्च करायचे पॉइंट) जातात, मग लाँग रेस्टच्या (रात्रभराच्या विश्रांतीच्या, ज्यात पॉइंट परत भरतात) आधी दोन-तीन संशयित आणि एखादी मारामारी टाका.