शंखपुष्पीवर काम करताय? आधी फूल बघा

एमईएस (प्राण्यात विजेच्या झटक्याने आकडी आणणं), पीटीझेड (रसायनाने आकडी आणणं), प्राण्यांवरच्या प्रयोगाला लागणारी समितीची मंजुरी हे तुम्हाला माहीत आहे असं धरते. मला जे कुणी सांगितलं नव्हतं, तेवढंच लिहिते.

एम.फार्म.ला मी शंखपुष्पीचा आकडीवरचा परिणाम तपासत होते. काष्ठौषधीच्या दुकानातून वाळलेला माल आणला, अर्क काढला, प्रयोग उरकला. 24 विस्टर रॅट (प्रयोगशाळेतले उंदीर), विजेचा झटका 150 मिलीअँपिअरचा, 0.2 सेकंद. वनस्पतीच्या ओळखीचं प्रमाणपत्र शेवटी घेऊ, असं गाईड म्हणाले आणि मी मान डोलावली.

तिथेच फसले. शंखपुष्पी म्हणून बहुतेक जण कॉन्व्हॉल्व्ह्युलस धरतात, पण त्याच नावाने विष्णुक्रांता, म्हणजे इव्हॉल्व्ह्युलसही विकली जाते, कुठे गोकर्णही. वाळून चुरा झाल्यावर आपल्या डोळ्यांना काय कळणार? एका निवृत्त वनस्पतिशास्त्राच्या सरांनी माझ्या पिशवीच्या तळातून तीन सुकी फुलं वेचली, कोमट पाण्यात भिजवली, सुईने उलगडली आणि भिंग माझ्या हातात दिलं. कॉन्व्हॉल्व्ह्युलसला कुक्षीवृंत, म्हणजे फुलाच्या मधोमध बीजकोशावरची बारीक दांडी, एकच असतो. इथे दोन होते, आणि प्रत्येकाचं टोक दुभंगलेलं. विष्णुक्रांता! मंजुरीच्या अर्जावर एक वनस्पती, प्राण्यांच्या पोटात दुसरी. ते 24 जीव फुकट गेले, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून फुलोऱ्यावरची फांदी स्वतः तोडा, वर्तमानपत्रात दाबून वाळवा, पुण्यात आघारकर संस्थेकडून किंवा कोरेगाव रोडच्या वनस्पती सर्वेक्षण केंद्रातून ओळख पटवून घ्या. अर्क त्यानंतर, आणि त्याच मालाचा. तयार अर्कासोबत ओळखीचं प्रमाणपत्र देणारे भेटतील. अजिबात घेऊ नका. गाईड निवडताना त्यांचे पेपर मोजत बसू नका, ते प्राणीगृहात शेजारी उभे राहतात का, हे आधीच्या बॅचला विचारा.

पहिल्यांदा झटक्यानंतर उंदराचे मागचे पाय ताठ झालेले बघून मला रात्री जेवण गेलं नाही. तुमचेही हात थरथरतील. आठवड्याभरात स्टॉपवॉच नीट दाबता येतो, खरंच. फक्त रोटारॉड, म्हणजे फिरत्या दांड्यावर प्राण्याचा तोल तपासणं, टाळू नका: गुंगीने दांड्यावरून पडणारा प्राणी आकडीपासून वाचला, असं लिहू नका.

आणि घरचे विचारतीलच. मावशीने मला विचारलं होतं, फिटच्या गोळीबरोबर शंखपुष्पीचं सिरप चालेल का? शंखपुष्पी नावाच्या एका आयुर्वेदिक औषधाने फेनिटॉइन या फिटच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण घटतं, असं मुंबईच्या संशोधकांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केलंय. मी तिला सिरपची बाटली घेऊन डॉक्टरांकडे जायला सांगितलं, आणि तोवर गोळी एकही दिवस चुकवायची नाही, हे दोनदा बजावलं.