पहाटे साडेपाचचं बेट

माझी रात्रपाळी पहाटे पाचला सुटते आणि साडेपाचला मी घरी असते. आल्या आल्या झोप लागत नाही, रात्रभर फोनवर ऐकलेल्या तक्रारी कानात घुमत राहतात. मग मी आडवी होऊन स्विच हा निन्टेंडोचा गेम-कन्सोल हातात घेते आणि ‘ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ या गेममधल्या माझ्या बेटावर जाते. गेम मार्च २०२० मध्ये आला आणि माझ्या अशा पहाटा कितीतरी झाल्या. रात्रपाळीवाल्यांनी हा गेम कसा खेळावा, हे त्यातूनच उमगत गेलं.

या गेमचं घड्याळ खऱ्या घड्याळाबरोबर चालतं. बाहेर रात्र असली की बेटावरही रात्र. त्यामुळे आपल्यासारखी माणसं पहिल्याच आठवड्यात वैतागतात: दुकान बंद, शेजारी झोपलेले, करायचं काय? कन्सोलचं घड्याळ मागेपुढे करण्याचा सल्लाही कुणीतरी देतंच. तो ऐकू नका. बेटाचा दिवस मध्यरात्री नव्हे, पहाटे पाचला बदलतो. म्हणजे तुम्ही दमून घरी पोचता तेव्हा बेट नुकतंच नवं झालेलं असतं. खडक भरलेले, जीवाश्म जमिनीत, झाडं कुणी हलवलेली नाहीत. 

फक्त फेरीचा क्रम बदला. जे वेळेला बांधलेलं आहे ते आधी, बाकीचं नंतर.

जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यात आधी समुद्रकिनारा गाठा. नारळाच्या झाडांवर मोठे शिंगवाले भुंगेरे संध्याकाळी पाच ते सकाळी आठ एवढाच वेळ बसतात. त्यातला हॉर्न्ड हर्क्युलीस १२,००० बेल्सना, म्हणजे गेममधल्या पैशांना, जातो. जाळी हातात घ्या, ए बटण दाबून धरा आणि पाय न वाजवता पुढे सरका. भुंगेरा थरथरला की जागच्या जागी थांबा, शांत झाला की पुन्हा पुढे, अगदी जवळ पोचलात की बटण सोडा. धावलात तर गेलाच म्हणून समजा. जून ते सप्टेंबर पाण्यात पाठीवरचा पर दिसणारी माशाची सावलीही शोधा. ग्रेट व्हाइट शार्क दुपारी चार ते सकाळी नऊ या वेळात सापडतो आणि १५,००० देतो. हे महिने उत्तर गोलार्धाचे आहेत. सुरुवातीला दक्षिण गोलार्ध निवडला असेल तर सहा महिने पुढे मोजा. ती निवड नंतर बदलता येत नाही.

मासा पकडताना मी डोळे मिटते. खरंच. मासा गळाला चार वेळा नुसतं टोचून बघू शकतो, पण पाचव्यांदा मात्र तो गिळतोच. बघत बसलं की थकलेला हात पहिल्या टोच्यालाच बटण दाबून मोकळा होतो. कानांना फरक लगेच कळतो: टोचण्याचा आवाज हलका, टिक-टिक असा, आणि गिळण्याचा भरीव ‘डुबुक’. त्या डुबुकला दाबायचं, आधी नाही. गेमचा आवाज बंद ठेवून खेळत असाल तर निदान मासेमारीपुरता चालू करा.

मग खडक. रोज एका खडकातून पैसे निघतात, पण कोणत्या, ते मारल्याशिवाय कळत नाही. नाणं उडाल्यावर धावपळ होते, म्हणून तयारी आधीच करा. खडकाकडे तोंड करून उभं राहायचं आणि आपल्या पाठीमागच्या जागेत फावड्याने दोन खड्डे खणून ठेवायचे. प्रत्येक फटक्याला माणूस मागे ढकलला जातो, खड्डे त्याला अडवतात. थांबू नका, मारत राहा. एकूण आठ फटके बसतात आणि १००, २००, ३००, ५००, १,०००, २,०००, ४,००० असे पैसे वाढत जातात. शेवटच्या एकट्या फटक्याला ८,००० मिळतात. सगळे मिळून १६,१००. सातच बसले तर निम्म्याच्या आसपास रक्कम गेली. त्याआधी फळ खाऊ नका, खाल्लं तर पहिल्याच फटक्याला खडक फुटतो. झाड हलवायच्या आधी मात्र जाळी हातात घ्या, गांधीलमाशांचं पोळं पडू शकतं.

जमिनीतून चमक येत असेल तर तिथे खणा, १,००० बेल्स निघतील. त्याच खड्ड्यात १०,००० पुरा, झाड वाढून ३०,००० देईल. जीवाश्म काढून संग्रहालयात न्या, ते चोवीस तास उघडं असतं. तिथला ब्लॅदर्स घुबड असल्याने दिवसा पेंगतो आणि रात्री टक्क जागा असतो. माझ्या वेळा सांभाळणारा बेटावर तो एकटाच, म्हणून मला तो फार आवडतो.

अडचण खरी विक्रीची. बेटावरचं दुकान, नूक्स क्रॅनी, सकाळी आठला उघडतं आणि रात्री दहाला बंद होतं. बाहेरच्या पेटीत माल टाकता येतो, पण ऐंशी टक्केच भाव मिळतो. एका शार्कमागे ३,००० बेल्सचं नुकसान, ते का सोसायचं? शार्क, भुंगेरे दुकानाबाहेर जमिनीवर ठेवून द्या, जागे व्हाल तेव्हा विका. नोव्हेंबर २०२१ च्या अपडेटनंतर बेटाच्या कार्यालयातल्या इझाबेलकडे २०,००० बेल्स भरून बेटाला लवकर उठण्याचा नियमही लावता येतो. दुसऱ्या दिवसापासून दुकान नेहमीपेक्षा आधी उघडतं.

टर्निप हे कंद स्वस्तात घ्यायचे आणि भाव चढला की विकायचे. ते विकायला डेझी मे नावाची विक्रेती दर रविवारी पहाटे पाच ते दुपारी बारा येते, म्हणजे खरेदी आपल्याला सोयीची. भाव साधारण ९० ते ११०. विकताना मात्र भाव दिवसातून दोनदा ठरतो, दुपारी बाराच्या आधी एक आणि नंतर दुसरा, आणि दोन्ही वेळेला मी झोपलेली. पेटीत टर्निप चालत नाहीत. पुढच्या रविवारी पहाटे पाचला ते सडतात. एकदा सलग पाळ्यांमुळे माझा सगळा साठा असाच गेला.

त्यानंतर मी धाकट्या भावाला बेटावर घर दिलं. एका कन्सोलवर एकच बेट असतं आणि तिथे आठ जणांना राहता येतं. पण ज्याने सुरू केलं तोच मुख्य रहिवासी, पूल बांधणं, इमारती हलवणं त्याच्याच हातात. म्हणून कन्सोल वाटून वापरणार असाल तर कोण आधी सुरू करणार ते बोलून ठरवा. मूळ गेम २००१ मध्ये जपानमध्ये आला. तो बनवणारे कात्सुया एगुची चिबाहून क्योटोला आले होते, घरच्यांची आणि मित्रांची उणीव जाणवली आणि त्यातून ही कल्पना सुचली. एकाच घरात वेगवेगळ्या वेळी जागी असणाऱ्या माणसांनाही हा गेम इतका का जवळचा वाटतो, ते मला तेव्हा कळलं.

आता रविवारी मी टर्निप घेते आणि नेहमीच्या झाडाखाली मांडून ठेवते. बाहेर ठेवले की दुसऱ्या रहिवाशाला उचलता येतात. भाऊ दुपारी भाव बघतो आणि कार्यालयासमोरच्या फलकावर लिहून ठेवतो. या बुधवारी पहाटे गेले तर लिहिलं होतं, ‘ताई, काल दुपारी १४२. विकले नाहीत. थांबू का?’ मी खाली लिहिलं, ‘शनिवार रात्री दहापर्यंत मुदत आहे. आज दुपारी वाढला तर विकून टाक,’ आणि खडकांकडे वळले.