तीनशे दिवसांच्या मर्यादेतील सहामाही रजा-जमा : इव्हेंट चालू करण्यापूर्वीची तयारी

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या अर्जित रजेची 1 जानेवारी व 1 जुलैची प्रत्येकी 15 दिवसांची आगाऊ जमा मायएसक्यूएल या डेटाबेसच्या इव्हेंटकडे, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाकडे, सोपवण्यापूर्वी बॅकअप घ्यावा, हे सांगण्याची गरज नसावी. इव्हेंट चालवणारा इव्हेंट शेड्यूलर चालू आहे याची मात्र खात्री करावी; आवृत्ती 5.7 मध्ये तो मुळात बंद असतो, 8.0 मध्ये चालू.

शिल्लक रजेची 300 दिवसांची मर्यादा केवळ ‘व्हेअर’च्या (कोणत्या नोंदी बदलायच्या हे ठरवणाऱ्या) अटीत घालू नये, कारण ‘300 पेक्षा कमी’ ही अट पार करून 299 चे 314 होतात. ‘लीस्ट’ने (दिलेल्यांपैकी सर्वांत लहान किंमत घेणाऱ्या फंक्शनने) थेट 300 वर अडवणेही चुकीचेच आहे. 1972 च्या रजा नियमांतील नियम 26 प्रमाणे शिल्लक 285 पेक्षा अधिक आणि 300 पर्यंत असेल, तर नवे 15 दिवस वेगळे राखून त्या सहामाहीत घेतलेली रजा आधी त्यांतून वजा करायची असते आणि उरलेले दिवस अखेरीस 300 च्या मर्यादेत जमा करायचे असतात. शिल्लक 290 असलेल्याने 10 दिवस रजा घेतली, तर नियमाने 295 उरतात, सरसकट ‘लीस्ट’ने 290, हे पाच दिवस कर्मचारी मोजून दाखवतोच.

म्हणून ‘राखीव’ हा स्वतंत्र रकाना हवा, आणि जमेच्या वेळी तो शिल्लकेच्या आधी भरावा. मागच्या खेपेला नेमके हेच राहिले होते. मायएसक्यूएल एकाच ‘अपडेट’ आदेशातील रकाने डावीकडून उजवीकडे भरते, शिल्लक आधी वाढवली तर 280 चे 295 होतात, राखीवसाठीची ‘285 पेक्षा अधिक’ ही पुढची अट त्या 295 लाच तपासते आणि त्याच माणसाच्या राखीवमध्ये आणखी 15 पडतात. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये जुन्याच किमती वाचल्या जात असल्याने तिथे यशस्वी झालेली चाचणी इथे कामाची नाही. पुन्हा सांगतो, जमेच्या वेळी राखीव आधी, शिल्लक नंतर. सहामाही अखेरीस क्रम उलटा: आधी शिल्लकेत मिळवणी, मगच राखीव शून्य, नाहीतर दिवस कोणतीही त्रुटी न दाखवता नाहीसे होतात. चाचणीत 285, 286 आणि 300 च्या जोडीला 271 ते 284 मधलेही एखादे खाते असलेच पाहिजे, कारण दुहेरी जमा 271 ते 285 याच पट्ट्यात होते.

राखीव रकान्यात ‘नल’ (न भरलेली किंमत) चालू देऊ नये. मायएसक्यूएलमध्ये त्याने शिल्लकच ‘नल’ होते, तर पोस्टग्रेसमध्ये ‘लीस्ट’ ‘नल’कडे दुर्लक्ष करून सरळ 300 देते, जे अधिक घातक आहे. पंधराचा आकडाही क्वेरीत कोरू नये, कारण असाधारण रजेचा दशांश पुढील जमेतून वजा होतो.

अखेरची मिळवणी आणि नवी जमा एकाच प्रोसिजरमध्ये, त्याच क्रमाने ठेवाव्यात. कर्मचारी व सहामाही यांवर युनिक इंडेक्स (तीच जोडी दोनदा येऊ न देणारा) असलेली जमा-नोंद त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकतर पूर्ण होणाऱ्या नाहीतर पूर्ण रद्द होणाऱ्या व्यवहारात) करावी, म्हणजे दुसऱ्यांदा चालवल्यास काम अडेल. रकान्यातील किमतीवर बंधन घालणारी ‘चेक’ची अट मायएसक्यूएलमध्ये 8.0.16 पासूनच पाळली जाते. वेळक्षेत्र, हक्क, लॉग पाहून घ्यावेत. आणि ‘अपडेट’मधला रकान्यांचा क्रम इव्हेंट चालू करण्याआधी आणखी एकदा वाचावा.