चैत्र-वैशाखात फुलकंद लावताय? या चुका टाळा

होळी झाली की रोपवाटिकांमध्ये कंदांची पाकिटं दिसायला लागतात. निशिगंध, अमॅरिलिस, फुटबॉल लिली, कॅलेडियम, रेन लिली. त्यांच्याच शेजारी ग्लॅडिओलस, डेलिया, कधी कधी तर ट्युलिपसुद्धा. पाकिटावरचा फोटो सुरेख असतो. लोक हौसेनं घेऊन जातात, लावतात, रोज पाणी घालतात आणि महिन्याभरानं माती उकरून पाहिली तर हाताला मऊ, वास येणारा लगदा लागतो. कंदच खराब निघाला, असं म्हणून विषय संपतो.

कंद बहुतेक वेळा चांगला असतो. तो मरतो पाण्यानं, आणि तेही प्रेमानं घातलेल्या पाण्यानं. झोपेतून उठणाऱ्या कंदाला अजून मुळं नसतात, त्यामुळे तो पाणी ओढून घेऊ शकत नाही. कोंब फोडायला लागणारं अन्न आणि ओल त्याच्या पोटातच साठवलेली असते. म्हणून लावताना एकदा माती नीट भिजवायची आणि मग कोंब दिसेपर्यंत हात आखडता घ्यायचा. बोट दोन पेरं मातीत घालून पाहावं; आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. कोंब वर आला, पानं उलगडली, की मग पाणी हळूहळू वाढवत न्यायचं. एप्रिलच्या उन्हात कोरडी दिसणारी कुंडी पाहून जीव तुटतो हे खरं, पण इथे धीर धरावाच लागतो.

चुकीच्या ऋतूतला कंद

‘वसंतात लावा’ हा सल्ला थंड देशांसाठी लिहिलेला असतो. तिथे हिवाळ्यात जमीन गोठते, ती मोकळी झाली की ग्लॅडिओलस आणि डेलिया लावतात आणि उन्हाळ्यात फुलं घेतात. न्यू जर्सीत किंवा लंडनला राहणाऱ्या वाचकांनी तो सल्ला जरूर पाळावा. पुण्यात, नाशकात, संभाजीनगरात मात्र मार्चअखेरीस पारा ३८ अंशांकडे निघालेला असतो. तेव्हा लावलेल्या ग्लॅडिओलसचा दांडा आखूड राहतो, फुलं मोजकी येतात, कळ्यांची टोकं करपतात. आपल्या पठारावर त्याची वेळ पाऊस ओसरल्यावरची, साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर. डेलियाचंही सपाटीवर तसंच. त्याचे कंद आता कोरड्या वाळूत, सावलीत जपून ठेवायचे. ट्युलिप आणि हायसिंथला फुलण्याआधी कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते. ते आत्ता विकत घेऊच नका.

आता लावण्याजोगे कंद वेगळे: निशिगंध, अमॅरिलिस, फुटबॉल लिली, रेन लिली, कॅलेडियम, कर्दळ, सोनटक्का, भुईचाफा आणि पावसाच्या तोंडावर कळलावी. यादी छोटी नाही, आणि यातले बरेचसे आपल्या आज्या-पणज्यांच्या परसात होतेच.

वेळ ठरवताना आपला भाग पाहा. कोकणात जून उजाडला की पाऊस मुसळधार कोसळतो, म्हणून मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत कंद मातीत जाऊन त्याला मुळं फुटलेली हवीत. मुळं धरलेला कंद तो पाऊस सोसतो, नुसता पडलेला कंद सडतो. विदर्भात प्रश्न उलटा आहे. तिथे मे महिन्यात गच्चीवरची काळी ग्रोबॅग इतकी तापते की आतला कंद भाजून निघतो. तिथे कुंड्या पूर्वेच्या सावलीत ठेवाव्यात, नाहीतर कंद घरात कोरडे ठेवून पहिल्या पावसानंतर लावावेत.

निशिगंध: नुसती गवतासारखी पानं का येतात?

सगळ्यात जास्त तक्रारी निशिगंधाच्या येतात, म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर.

पहिली चूक खरेदीतच होते. निशिगंधाला फूल येणार की नाही, हे बरंचसं कंदाच्या आकारावर ठरतं. अडीच सेंटिमीटरच्या आसपास जाडीचा, वजनदार, दाबल्यावर टणक लागणारा कंद त्याच वर्षी दांडा देतो. करंगळीएवढे बारीक कंद स्वस्तात मिळतात, पण ते पहिलं वर्ष पोसण्यातच घालवतात. घेतलेच असतील तर फेकू नका; वेगळ्या कुंडीत लावा आणि पुढच्या वर्षीची वाट पाहा.

दुसरी गोष्ट फार जणांना माहीत नसते. ज्या कंदाला एकदा फूल आलं, त्याच कंदाला पुन्हा येत नाही. त्याच्या भोवती जी पिल्लं धरतात, ती मोठी होऊन पुढे फुलतात. त्यामुळे कुंडीत तीच गड्डी चार-चार वर्षं तशीच ठेवली तर पिल्लांची दाटी होते, कुणालाच पोसायला जागा उरत नाही आणि वर दिसतं ते हिरवंगार गवत. दर दोन-तीन वर्षांनी पानं पिवळी पडल्यावर गड्डी काढा, माती झटका, मोठे आणि लहान कंद वेगळे करा.

काढलेले कंद लगेच लावणं ही तिसरी चूक. निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. कोरडा हिवाळा आणि मग उन्हाळी पाऊस, या चक्राला तो सरावलेला आहे. त्याला तेवढी विश्रांती आपणही द्यायची: चार-पाच आठवडे सावलीत, हवेशीर जागी, टोपलीत पसरून. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून नको. ताजे काढलेले कंद लगेच लावले तर एक आज फुटतो, दुसरा महिन्यानं, आणि मधल्या काळात सगळ्यांना पाणी मिळत राहतं, मग मागे राहिलेले कुजतात.

लावताना टोक वर, त्याच्यावर तीनएक सेंटिमीटर माती, दोन कंदांत वीतभर अंतर. ऊन किमान सहा तास हवं. ज्या बाल्कनीत दुपारी बारापर्यंतच ऊन येतं तिथे पानं छान येतील, दांडे मात्र कमी. एप्रिल-मे महिन्यात लावलेला चांगला कंद साधारण तीन महिन्यांत, म्हणजे श्रावणाच्या आसपास, फुलायला लागतो.

वासासाठी लावायचा असेल तर एकेरी पाकळ्यांचा घ्या. दुहेरी फूल दिसायला भरगच्च आणि फुलदाणीत शोभून दिसतं, पण रात्री खिडकीतून घरात शिरणारा तो गंध एकेरीचाच. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘फुले रजनी’ आणि बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या ‘शृंगार’ व ‘प्रज्वल’ या एकेरी जाती. त्याच संस्थेच्या ‘सुवासिनी’ आणि ‘वैभव’ दुहेरी.

सगळ्यांना एकच खोली

कंद म्हटला की खड्डा करायचा आणि पुरायचा, ही सवय अमॅरिलिसला मारते. त्याची मान आणि वरचा साधारण एक तृतीयांश भाग मातीबाहेर हवा. पूर्ण पुरलेल्या अमॅरिलिसच्या मानेत पाणी साचतं आणि सड वरून खाली उतरते. कुंडीही मोठी नको. कंद आणि कडा यांच्यात दोन-तीन बोटं जागा पुरे. मोठ्या कुंडीतली न वापरली जाणारी माती दिवसेंदिवस ओली राहते.

फुटबॉल लिलीची मान मातीच्या पातळीला ठेवा. रेन लिलीचे कंद बोटाच्या दोन पेरांएवढे खोल आणि दाटीवाटीनं लावले तरी चालतात, दाटीत त्या उलट छान फुलतात. कॅलेडियमचे डोळे वर करून चार-पाच सेंटिमीटर खाली. डोळे कुठले ते कळत नसेल तर कंद आडवा ठेवा, कोंब आपली वाट शोधतो. सोनटक्क्याचा गड्डा आल्यासारखा आडवा, उथळ. त्याला मात्र कोंब आल्यावर पाण्याची चणचण अजिबात भासू देऊ नका, तो पाणथळ जागेचा जीव आहे.

कळलावीचा कंद हातात घेतानाच जपा. तो इंग्रजी ‘व्ही’ किंवा ‘एल’च्या आकाराचा, ठिसूळ असतो आणि कोंब त्याच्या टोकातून निघतो. टोक मोडलं की तो तुकडा फुटत नाही. आडवा ठेवून पाच-सहा सेंटिमीटर माती टाका आणि वेल चढायला काठी त्याच वेळी रोवा, नंतर रोवताना कंद फुटतो. कोकणात गौरीच्या पूजेला ही फुलं लागतात, म्हणून ती दारात असावीशी वाटते. पण तिच्या कंदात कोल्चिसिन हे जहाल विष असतं. हातमोजे घालूनच लावा आणि घरात लहान मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर लावूच नका.

माती आणि खत

नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, कंद लावायला सांगणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. रोज पाणी घालणाऱ्या माणसासाठी कोकोपीट धोक्याचं, कारण ते वरून कोरडं दिसतं आणि आत चिंब असतं. काळी मातीही तशीच पाणी धरून बसते. दोन भाग लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट आणि एक भाग जाडसर वाळू, एवढं पुरतं. वाळू मिळत नसेल तर विटांचे बारीक तुकडे किंवा भाताचं तूस घाला.

अर्धकच्च्या शेणखताचं दुखणं दुहेरी आहे. त्याच्या उष्णतेनं कंदाची साल भाजते आणि त्यातून हुमणीच्या अळ्या कुंडीत येतात. पांढरट, इंग्रजी ‘सी’सारखी वळलेली ही अळी मुळं खाऊन टाकते, आणि रोप जुलैत अचानक माना टाकतं तेव्हा आपण पाणी कमी पडलं समजून आणखी पाणी घालतो. खत हातात चुरगाळून पाहा. शेणाचा वास आला तर ते अजून तयार नाही.

लावण्याआधी कंद बुरशीनाशकात बुडवायचे असतील तर कार्बेन्डाझिम लिटरला २ ग्रॅम, पंधरा-वीस मिनिटं, हातमोजे घालून. मग सावलीत सुकवून लावा. किंवा मातीत ट्रायकोडर्मा मिसळा. दोन्ही एकदम करू नका. ट्रायकोडर्मा ही स्वतःच बुरशी आहे, कार्बेन्डाझिम तिलाही मारतं आणि पैसे पाण्यात जातात.

रिकामी दिसणारी कुंडी

भुईचाफा आणि फुटबॉल लिली हिवाळ्यात पूर्ण नाहीशी होतात. एप्रिलमध्ये कुणीतरी ‘इथे काही नाही’ म्हणून त्या कुंडीत मिरची लावतं, खुरपं थेट कंदात जातं. भुईचाफ्याचं तर फूलच आधी येतं, पानांच्या आधी, सरळ मातीतून. फुटबॉल लिलीची कळी या दिवसांत कंदाच्या आत तयार असते आणि वळवाच्या सरीबरोबर वर येते. आत्ता उपटून जागा बदलली तर यंदाचं फूल गेलंच समजा. जागा बदलायची तर पानं सुकल्यावर, थंडीत. तोवर कुंडीत एक काडी खोचून नाव लिहून ठेवा. कागदाची चिठ्ठी पावसात विरघळते, जुन्या डब्याच्या पत्र्यावर खिळ्यानं कोरलेलं नाव टिकतं.

कोंब आलाच नाही तर

महिना-दीड महिना झाला तरी काही दिसत नसेल तर बाजूनं माती हलक्या हातानं सरकवा आणि कंद दाबून पाहा. टणक असेल तर तो जिवंत आहे. माती परत सारखी करा आणि थांबा. कॅलेडियम माती चांगली तापल्याशिवाय हलत नाही. एक बाजू मऊ झाली असेल तर काढून घ्या, सडलेला भाग पांढरा, स्वच्छ गर लागेपर्यंत सुरीनं कापा, कापावर राख किंवा हळद नव्हे, बुरशीनाशकाची पूड लावा, दोन दिवस सावलीत सुकवा आणि जवळजवळ कोरड्या वाळूत पुन्हा लावा. सगळाच मऊ झाला असेल तर मातीसकट टाकून द्या, त्या मातीत दुसरा कंद नको.

कंदच गायब असेल तर उंदीर किंवा घूस आली. कुंडीवर जाळी बांधा. कोकणात परसात लावले असतील तर साळिंदरही उकरून खातं, तिथे वाफ्याभोवती दगड रचून भागत नाही, मजबूत कुंपणच लागतं.

पानं आली पण कडा करपल्या, तर ते दुपारचं ऊन. गच्चीच्या फरशीवरून परतणारी धगही तेवढीच जाळते. निम्मं ऊन अडवणारी (५० टक्क्यांची) हिरवी जाळी बांधा किंवा कुंड्या विटांवर उचला. पानं भरपूर आणि फूल नाही, तर आधी युरिया आणि पेंडीचं पाणी थांबवा. नत्र पानं वाढवतं. रेन लिली फुलत नसेल तर तिला दहा-बारा दिवस पूर्ण कोरडी ठेवा आणि मग एकदाच भरपूर भिजवा.

पाऊस आल्यावर

मृगाच्या आधी प्रत्येक कुंडीखालची ताटली काढून ठेवा आणि खालची भोकं तारेनं मोकळी करा. हे दोन मिनिटांचं काम राहून गेलं की चैत्रापासून जपलेला कंद जुलैत जातो.

मग येतात लिलीवरच्या अळ्या. काळ्या अंगावर पांढरे आणि तांबडे ठिपके, एका पानावर झुंडीनं. अमॅरिलिस, स्पायडर लिली, कळलावी, कशालाच सोडत नाहीत, आणि दोन-तीन दिवसांत पानं फस्त करून कंदाच्या मानेपर्यंत उतरतात. रोज पानांची खालची बाजू पाहा. सुरुवातीलाच ते एक पान तोडून साबणाच्या पाण्यात बुडवलं तर फवारणीची गरज पडत नाही. सगळी पानं खाल्ली गेली तरी कंद उपटू नका. दाबून पाहा, टणक असेल तर कुंडी पावसाबाहेर, उजेडात ठेवा आणि पाणी पुन्हा चैत्रासारखंच बेतानं द्या. काही आठवड्यांत नवी पानं येतात.