व्हिसाचा निकाल हातात येईपर्यंत चवथीला घरी येऊ नका

मी चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गोव्यात फोंड्याला घरी आलो, की घुमट-आरती आटपल्यावर अंगणात दोन-चार जण भोवती बसतातच. कोणी नर्स म्हणून इंग्लंडला निघालेली असते, कोणी आयटीतला. दोन-चार वर्षांपूर्वी हॉटेलच्या किचनात किंवा केअर होममध्ये कामाला गेलेली आमच्याच तालुक्यातली मुलंही सुट्टीवर आलेली असतात. थंडीचे कपडे कुठे घ्यावेत, खोलीचं भाडं किती, कोकम न्यावं का, सगळं विचारतात. कोकम खुशाल न्या. कपडे तिकडेच घ्या. पोचल्याबरोबर जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा, आजारी पडायची वाट पाहू नका. या गोष्टी चुकतमाकत जमतात. जे चुकलं तर निस्तरता येत नाही, ते मात्र कोणी विचारत नाही.

तुम्ही इंग्लंडात राहून व्हिसा वाढवायचा अर्ज केलात आणि निकाल अजून आलेला नाही, तर त्या काळात देश सोडू नका. लग्न असो, जत्रा असो, चवथ असो.

अर्ज गेला की निकाल येईपर्यंत यूके, आयर्लंड, आयल ऑफ मॅन आणि चॅनल आयलंड्स एवढ्याच हद्दीत राहायचं. हद्दीबाहेर गेलात त्याच दिवशी तुम्ही अर्ज मागे घेतलात असं होम ऑफिस, म्हणजे तिथलं गृहखातं, धरतं. दरम्यान जुन्या व्हिसाची तारीख उलटली, तरी तारखेच्या आत अर्ज केलेला असेल तर 1971 च्या इमिग्रेशन अ‍ॅक्टचं कलम 3सी तुम्हाला सांभाळून घेतं. जुन्याच अटींवर राहता येतं, काम करता येतं. पण हे संरक्षण तुम्ही तिथे असेपर्यंतच असतं, देश सोडला की ते संपतं. आणि आयर्लंड हद्दीत आहे म्हणून डब्लिनचा बेत करू नका. भारतीय पासपोर्टवर तिथे जायला त्यांचा वेगळा व्हिसा लागतो.

नियम इतका स्पष्ट लिहिलेला असून माणसं चुकतात, त्याला कारण पासपोर्ट. पूर्वी अर्जाबरोबर पासपोर्टच पाठवावा लागायचा, त्यामुळे जायचं म्हटलं तरी जाता येत नसे. आता तो स्कॅन होतो, पुष्कळदा फोनवरच्या अ‍ॅपमधून, आणि आपल्याकडेच राहतो. त्यात तिकडच्या विमानतळावर बाहेर जाताना आपल्यासारखा इमिग्रेशनचा काउंटर नसतो. तुम्हाला कोणी अडवत नाही. त्या देशाची ही रीत नीट ओळखून घ्या: नियम वेबसाइटवर लिहिला की त्यांच्या दृष्टीने तुम्हाला सांगून झालेलं असतं.

मी स्विंडनला एका हॉटेलात शेफ आहे. 2021 च्या सप्टेंबरात दोन वर्षांच्या व्हिसावर गेलो. 2023 च्या ऑगस्टमध्ये वाढीव व्हिसाचा अर्ज केला, बोटांचे ठसे दिले. जुना व्हिसा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपला. चवथ 19 सप्टेंबरला होती. दोन वर्षं माटोळी बांधायला मी घरी नव्हतो आणि आई फोनवर रोज विचारत होती. एका ओळखीच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, ‘अर्ज केलाय ना? पासपोर्ट तुझ्याकडेच आहे ना? मग जा.’ मी गेलो. नेवऱ्या खाल्ल्या, विसर्जन केलं, ऑक्टोबरच्या सुरुवातीला मोपा विमानतळावर परतीच्या चेक-इनला उभा राहिलो. काउंटरवरच्या मुलीने माझं बीआरपी कार्ड, म्हणजे तेव्हाचं व्हिसाचं कार्ड, उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, ‘हे संपलंय.’ अर्ज केल्याचा ईमेल मी तिला तीनदा दाखवला. त्या ईमेलला तोवर काही किंमत उरलेली नव्हती. मी निघालो त्याच दिवशी अर्ज संपला होता.

त्यानंतर पाच महिने मी फोंड्यात होतो. व्हिसासाठी मालकाने द्यायचं सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप इंग्लंडात राहून अर्ज करणाऱ्याचं वेगळं आणि बाहेरून येणाऱ्याचं वेगळं. हे दुसरं मालकाला होम ऑफिसकडून नव्याने मागून घ्यावं लागतं. माझ्या मालकाने ते केलं, हे त्याचे उपकार. कायद्याने तो बांधलेला नव्हता. हेल्थ सरचार्ज परत मिळाला, अर्जाची फी गेली, पगार गेला, रिकाम्या खोलीचं भाडं मात्र भरत राहिलो. त्याहून मोठं नुकसान असं, की कायम वास्तव्यासाठी लागणाऱ्या पाच वर्षांच्या मोजणीतली माझी दोन वर्षं पुसली गेली. 2024 च्या फेब्रुवारीत मी परत पोचलो तो पुन्हा पहिला दिवस. 2025 मध्ये तिथल्या सरकारने पाचाची दहा वर्षं करायचा प्रस्ताव मांडला, तेव्हा त्या दोन वर्षांची आठवण किती झाली ते माझं मला माहीत.

तरी माझं निभावलं. आज शेफचं निभावणार नाही. 22 जुलै 2025 पासून बाहेरून येणाऱ्यासाठी कामाची पातळी पदवीच्या तोडीची केली आहे आणि केअर वर्करची परदेशातून भरती बंद झाली आहे. आधीपासून सलग व्हिसावर असलेल्यांना मुदत वाढवून मिळते, पण ती सवलत ‘सलग’ या शब्दावर उभी आहे. किचनातल्या किंवा केअर होममधल्या कोणी आज माझ्यासारखी चूक केली, तर त्याच नोकरीवर परतायला दारच उरलेलं नसेल. मालकाची कितीही इच्छा असली तरी.

आणखी एक, मनाला लावून घेऊ नका. स्विंडनला आपले गोंयकार खूप आहेत, अडीअडचणीला धावून येणारे आहेत. पण त्यांतले बरेच पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेले आणि सेटल्ड स्टेटस, म्हणजे कायम राहण्याचा हक्क, मिळालेले. त्यांना व्हिसाची मुदत नाही, स्पॉन्सर नाही. मला ‘जा’ म्हणणारा त्यांच्यातलाच होता आणि त्याने मनापासून सांगितलं होतं. खोली, नोकरी, शाळा यांबद्दल त्यांचं जरूर ऐका, व्हिसाबद्दल नको. त्यासाठी सॉलिसिटर किंवा इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटीकडे नोंदलेला सल्लागार पाहा. इथल्या एजंटचं काम तुम्हाला विमानात बसवण्यापुरतं असतं.

आता बेत कसा आखायचा ते. नवीन सर्टिफिकेटवर काम सुरू होण्याची जी तारीख असते, तिच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि आतून केलेल्या अर्जाला साधारण आठ आठवडे लागतात. 2026 ची चवथ 14 सप्टेंबरला आहे. व्हिसा ऑक्टोबरच्या शेवटी संपत असेल तर दोनच वाटा: मालकाच्या मागे लागून सर्टिफिकेटवर ऑक्टोबरच्या सुरुवातीची तारीख घ्या, जुलै उजाडताच अर्ज करा, निकाल आला तरच तिकीट काढा, किंवा आधी चवथ करून या आणि परतल्यावर, व्हिसा जिवंत असताना अर्ज करा. मधली वाट नाही. जादा 500 पौंड भरले तर पाच कामाच्या दिवसांत, 1,000 भरले तर पुढच्याच कामाच्या दिवसापर्यंत निकाल मिळू शकतो, पण तो पर्याय अर्ज भरताना घ्यायचा असतो. घरी कोणी आजारी असेल तर पैशाकडे पाहू नका, तेव्हाच घ्या.

आणि अर्ज अडकलेला असताना आईवडिलांपैकी कोणी गेलं तर? मी कोणाला थांब म्हणणार नाही. निघण्याआधी एक फोन सल्लागाराला आणि एक एचआरला करा, म्हणजे काय सोडून निघालात ते कळेल आणि मालक नव्या सर्टिफिकेटची तयारी त्याच दिवशी सुरू करू शकेल.

निकालाचा ईमेल आला तरी लगेच बॅग भरू नका. यूकेव्हीआय (तिथला व्हिसा विभाग) च्या ऑनलाइन खात्यात जाऊन ई-व्हिसावर, म्हणजे कार्डाऐवजी आलेल्या ऑनलाइन व्हिसावर, नवी तारीख दिसते का पाहा. मध्यंतरी पासपोर्ट बदलला असेल तर नवा नंबर तिथे जोडलेला हवा. मोपाच्या काउंटरवर आता कार्ड कोणी मागत नाही, त्यांच्या स्क्रीनवर तुमची परवानगी त्या नंबरावरूनच येते.